दव, धुके आणि बर्फाची वार्ता
सावित्रीच्या खोऱ्यातील थंडीचा एक आठवडा

डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात महाड आणि पोलादपूरच्या बाजारपेठेत एक वार्ता बहुतेक दरवर्षी येते. सकाळी दुकान उघडून, गल्ल्याला हात जोडून पहिल्या गिऱ्हाइकाची वाट पाहत असताना शेजारचा दुकानदार हातातील मोबाईल पुढे करतो. पडद्यावर वेण्णा तलावाच्या काठचे पांढरे पडलेले गवत असते, बोटींच्या धक्क्यावर चुन्यासारखा पातळ थर असतो, मोटारीच्या टपावर कोणीतरी बोटाने आपले नाव लिहिलेले असते. खाली ओळ असते, ‘महाबळेश्वरला बर्फ पडला’. संध्याकाळपर्यंत घरातील मुले हट्ट धरतात आणि रविवारी पहाटे चार वाजता आंबेनळी घाटाने वर जाण्याचा बेत ठरतो.

ही वार्ता खोटी नाही, पण पुरती खरीही नाही. गवतावरचा पांढरा थर खरा असतो. तो आकाशातून पडलेला नसतो. हा भेद केवळ शब्दांचा आहे असे कोणास वाटेल. परंतु थंडीच्या त्या आठवड्यात आपल्या खोऱ्यात जे जे घडते, आंब्याच्या मोहोरापासून घरातील वृद्धांच्या प्रकृतीपर्यंत, ते सारे या एका भेदातून उलगडत जाते. म्हणून वर जाण्यापूर्वी तो नीट समजून घेणे इष्ट.

बर्फ का पडत नाही

हिमवर्षावासाठी दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. आकाशात पुरेसे बाष्प असलेले ढग हवेत, आणि ढगापासून जमिनीपर्यंतची हवा शून्य अंशाच्या आसपास किंवा त्याखाली हवी. महाराष्ट्रात या दोहोंची भेट होत नाही. आपल्याकडे कडाक्याची थंडी पडते ती निरभ्र रात्री. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशात सोडते. वर ढग नसले की ती अडत नाही आणि पहाटेपर्यंत भूपृष्ठ गारठून जाते. ढग आले तर ते पांघरुणासारखे काम करतात, उष्णता अडवतात, आणि रात्र उबदार होते. म्हणजे ज्या रात्री थंडी असते त्या रात्री ढग नसतात, आणि ज्या रात्री ढग असतात त्या रात्री थंडी ओसरते. बाजारातील अनुभवी माणसे आभाळ भरून आले की ‘आता थंडी गेली’ असे म्हणतात, त्यामागचे शास्त्र हेच.

मग ही थंडी येते कोठून? हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ एकामागून एक उत्तर भारतावरून जातात. काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंड येथे त्यांच्यामुळे बर्फ पडतो. विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून उत्तरेचे कोरडे, थंड वारे मोकळे होतात आणि एकदोन दिवसांत ते मध्य भारत ओलांडून महाराष्ट्रात शिरतात. हिमालयातील हिमवर्षावाची बातमी वाचल्यावर थोड्याच दिवसांत निफाड, नाशिक, पुणे आणि त्यामागोमाग कोकणातील पहाट गारठू लागते ती यामुळे. तेथील बर्फ आपल्यापर्यंत थंडी होऊन पोहोचतो. त्याचे ढग मात्र मागे राहतात.

नोंदी हेच सांगतात. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी किमान तापमान १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. मुंबईत सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर आला होता. इतक्या टोकाच्या थंडीतही या शहरांवर हिमवर्षाव झाला नाही. आपल्या प्रदेशात आकाशातून बर्फ येतो तो गारांच्या रूपाने, आणि तोही बहुधा हिवाळा सरताना किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर, जेव्हा तापलेल्या जमिनीवरून उंच ढग वर चढतात. २०१४ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत मराठवाडा व विदर्भातील शेतकऱ्यांनी त्या बर्फाचा भयंकर अनुभव घेतला. गारा ही थंडीची देणगी नव्हे. ती उष्णतेची करणी आहे.

महाबळेश्वरला जे दिसते ते गोठलेले दव. हवामानाचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, हवेशीर पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र, निवांत रात्री गवताच्या पात्याचे तापमान त्या तापमापकापेक्षा चार-पाच अंशांनी खाली जाऊ शकते. पेटीत चार अंश नोंदले गेले तरी पात्यावर शून्य अंश असू शकते, आणि मग त्या पात्यावर जमलेले दव काचेसारखे घट्ट होते. त्यातही थंड हवा जड असल्याने उतारावरून ओघळून सखल जागी साचते. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याचा परिसर असाच सखल आहे. म्हणून गावातील वेधशाळेचा आकडा आणि तलावाकाठचा आकडा यांत पुष्कळदा काही अंशांचा फरक असतो, आणि हिमकणांची छायाचित्रे नेहमी त्याच एकदोन ठिकाणांहून येतात. सूर्य वर आला की तासा-दोन तासांत सारा थर विरघळून जातो.

आंबेनळीच्या वर आणि खाली

महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७२ मीटर. पोलादपूर घाटाच्या पायथ्याशी. उंचीच्या दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, हा ढोबळ हिशेब धरला तर आंबेनळीच्या वळणांवरून वर जाताना आपण साधारण आठ अंश मागे टाकतो. वाटेत प्रतापगडाचा डोंगर लागतो आणि तेथेच खिडकीची काच वर करावीशी वाटते.

याच पठारावर कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांची उगमस्थाने मानली जातात. वेण्णा पूर्वेकडे जाऊन माहुली येथे कृष्णेला मिळते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरास जाते. आपली सावित्री मात्र पश्चिमेकडे कडा उतरते, पोलादपूर आणि महाडवरून वाहते आणि हरिहरेश्वराजवळ बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. पठारावर एका रात्रीत जमलेल्या दवाचे दोन वाटे होतात, आणि त्यातील एक आपल्या दारावरून जातो.

खाली, खोऱ्यात, तेच दव निराळे रूप घेते. समुद्र फार दूर नसल्याने कोकणात पारा सहसा फार खाली जात नाही. म्हणूनच भारतीय हवामान विभागाने किनारी भागासाठी थंडीच्या लाटेचे निकष वेगळे ठेवले आहेत. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरले, तर थंडीची लाट मानतात. किनारी भागात १५ अंश किंवा त्याखालील तापमान आणि साडेचार अंशांची घसरण एवढे पुरेसे होते. पंधरा अंश हा आकडा दिल्लीकराला हसू आणील. पण येथील घरे, कौले, खिडक्या, कपडे आणि शरीरे यांची घडण दमट उष्म्यासाठी झालेली आहे. दुपारी पंखा लावावा लागतो आणि पहाटे दोन गोधड्या पुरत नाहीत, अशा हवेत शरीराला जुळवून घेण्यास अवधीच मिळत नाही.

त्या आठवड्यात पहाटे चवदार तळ्याकाठी उभे राहिले तर पाण्यावरून वाफ उठताना दिसते. रात्रभर हवा गार होते, पाणी मात्र आपली ऊब सावकाश सोडते. पाण्यावरचे बाष्प थंड हवेत शिरताच त्याचे धुके होते. सावित्री आणि गांधारी यांच्या पात्रांवर हेच धुके दाट होऊन महामार्गापर्यंत पसरते. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात थंड हवा तळाशी बसते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण तयार होते. चुलीचा, वाहनांचा आणि औद्योगिक वसाहतीचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. दम्याच्या रुग्णांना थंडीच्या दिवसांत सकाळी श्वास कोंडल्यासारखे वाटते, त्याचे एक कारण हे आहे. अशा दिवशी सूर्य चांगला वर येऊन धुके निवळेपर्यंत फेरफटका लांबवावा, यात शहाणपण आहे.

आणि म्हणूनच हिमकण पाहण्यासाठी पहाटे चार वाजता घाटात मोटार घालण्याचा बेत पुन्हा एकदा विचारात घ्यावा. थर सूर्योदयानंतरही काही काळ टिकतो. मुक्काम वरच करून पायी तलावापर्यंत जावे, किंवा जाऊच नये. आंबेनळीने जुलै २०१८ मध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातील जवळजवळ पूर्ण बसभर माणसे गिळली, हे या खोऱ्यातील कोणी विसरलेले नाही. धुक्यात वळणाचा कठडा दिसत नाही, आणि बर्फाच्या कौतुकासाठी पत्करावा इतका तो धोका लहान नाही.

मोहोराची परीक्षा

वरच्या अंगाला थंडीची पहिली धास्ती घेतो तो स्ट्रॉबेरीचा बागायतदार. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. थंडी या पिकाला हवीच असते. पण दव गोठले की कोवळी फुले आणि पाने काळवंडतात. शेतकरी मग रोपांवर आच्छादन घालतात, पहाटे हलके पाणी देऊन पानांवरचा थर धुवून काढतात. निफाडकडील द्राक्षबागांत याच दिवसांत शेकोट्या पेटवून बागेतील हवा उबदार ठेवण्याची धडपड चालते. पर्यटकाला जो थर शोभिवंत वाटतो, तो बागायतदाराला नुकसानीच्या हिशेबाची पहिली ओळ वाटतो.

आपल्या बाजूला हिशेब आंब्याचा असतो. रायगड जिल्ह्याचा हापूसही २०१८ मध्ये दिलेल्या कोकण हापूसच्या भौगोलिक मानांकनात समाविष्ट आहे. हापूसला मोहोर येण्यासाठी पावसाळा संपून जमीन सुकावी लागते आणि रात्री थंड व्हाव्या लागतात. थंडी उशिरा आली की मोहोर उशिरा, आणि फळ ऐन पावसाच्या तोंडावर. इतपत सर्वांनाच ठाऊक असते. पण थंडी फार लांबली तरीही घात होतो, हे पुष्कळदा लक्षात येत नाही. दीर्घ थंडीत मोहोरातील नर फुलांचे प्रमाण वाढते आणि फळ धरू शकणारी उभयलिंगी फुले कमी राहतात. परागीभवन करणारे कीटकही गारठ्यात मंदावतात. झाड मोहोराने लदलेले दिसते, फळ मात्र मोजके लागते.

त्याहून वाईट प्रकार पुनर्मोहोराचा. आधीच्या मोहोरावर वाटाण्याएवढी फळे धरलेली असताना पुन्हा कडक थंडी पडली, तर त्याच फांदीवर दुसरा मोहोर फुटतो. झाडाचे अन्न नव्या मोहोराकडे वळते आणि धरलेली फळे गळून पडतात. यावर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जिबरेलिक आम्लाच्या फवारणीची शिफारस केलेली आहे. तिचे प्रमाण आणि वेळ कृषी अधिकाऱ्यास विचारूनच ठरवावी. थंडीनंतर आभाळ भरून आले, दमट हवा सुटली, की तुडतुडे आणि भुरी यांचा प्रादुर्भाव वाढतो, ही तिसरी परीक्षा.

मोहोर पाहून बाग खंडाने घेणाऱ्या व्यापाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. जानेवारीतील भरगच्च मोहोर म्हणजे एप्रिलमधील भरगच्च पेटी नव्हे. मोहोर पाहून दिलेला शब्द आणि फळ पाहून दिलेला शब्द यांत एका थंडीच्या आठवड्याचे अंतर असते. तेजीच्या आशेने शेतकऱ्याला मोठी उचल द्यायची आणि गळ झाल्यावर त्याच्या दारात उभे राहायचे, यापेक्षा आरंभीच जोखीम उभयतांत वाटून घेणारा करार सुखाचा असतो. भातशेतीनंतर उरलेल्या ओलीवर येणाऱ्या वालाला मात्र हीच थंडी आणि हेच दव मानवते. एकाच आठवड्यात एकाचे पीक भरते आणि दुसऱ्याचे गळते. बाजारात बसणाऱ्याला दोन्ही तोंडे पाहावी लागतात.

आपल्या घरातील हिवाळ्याचे कोष्टक

दवाचा इतका विचार करावयाचा तर आपल्या परंपरेने तो फार पूर्वी केलेला आहे. जैन आगमांत अप्काय जीवांचे भेद सांगताना शुद्ध पाण्याबरोबरच ओस म्हणजे दव, हिम, धुके आणि गारा यांची स्वतंत्र गणना येते. आजचे हवामानशास्त्र ज्या रूपांना वेगवेगळी नावे देते, ती रूपे तेथे आधीच वेगळी ओळखलेली आहेत. महाबळेश्वरला जाणारी मंडळी गवतावरचा थर खरवडून त्याचे गोळे करतात आणि एकमेकांवर फेकतात. आपल्या मुलांना तेथे नेलेच, तर वाकून पाहण्यास सांगावे, खरवडण्यास नव्हे. इतके एक वाक्य सांगितले तरी सहल निराळी होईल.

श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेच्या पंचांगांत एक छोटे कोष्टक छापलेले असते. त्यात वर्षाचे तीन ऋतू पाडलेले असतात आणि कार्तिक पौर्णिमेपासून फाल्गुन शुक्ल चतुर्दशीपर्यंत हिवाळा मानलेला असतो. उकळलेल्या पाण्याचा काळ पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच. सुखडी-मिठाईचा काळ पावसाळ्यात पंधरा दिवस, उन्हाळ्यात वीस आणि हिवाळ्यात तीस. गोळपापडी, मेथीचे आणि डिंकाचे लाडू हिवाळ्यातच डबे भरभरून का होतात, याचे उत्तर त्या तीस दिवसांत आहे. कोरडी, थंड हवा पदार्थ टिकवते. आजीचा डबा आणि पंचांगाचे कोष्टक एकच गोष्ट सांगतात.

त्याच कोष्टकात कांबळीचा काळही असतो. पहाटे आणि सायंकाळी सूक्ष्म अप्काय पडत असल्याने साधू-साध्वी उघड्या आकाशाखाली जाताना अंगावर लोकरीची कांबळी घेतात. हा काळ उन्हाळ्यात दोन घटिका, पावसाळ्यात सहा आणि हिवाळ्यात चार घटिकांचा. चार घटिका म्हणजे शहाण्णव मिनिटे. जानेवारीत महाडला सूर्य साधारण सव्वासातच्या सुमारास उगवतो. तेथून शहाण्णव मिनिटे मोजली की पावणेनऊ-नऊ होतात. तळ्याकाठचे गवत हाताने चाचपून पाहा. दव सुकू लागण्याची वेळ बहुधा तीच असते.

थंडीच्या आठवड्यात या रूढीकडे पाहताना वृद्धांची काळजी विसरू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, आणि पहाटेच्या वेळी हृदयविकाराचा धोका अधिक असतो. ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा विकार आहे अशा आजी-आजोबांनी भल्या पहाटे गार पाण्याने स्नान करून पातळ पूजेच्या वस्त्रांत देरासराची वाट धरावी काय, हा प्रश्न घरातल्यांनी प्रेमाने, पण स्पष्टपणे विचारावा. सूर्य वर आल्यावर केलेली पूजा उणी ठरत नाही. नवकारशी या दिवसांत आठच्या सुमारास येते. तोपर्यंत रिकाम्या पोटी थंडीत हिंडण्यापेक्षा घरातच स्वाध्याय करावा. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, आणि चोविहार पाळणाऱ्या घरात दुकान बंद करून जेवायला येण्याची घाई होते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी रात्रभराच्या दीर्घ उपाशी काळाबद्दल आपल्या वैद्यांशी आधीच बोलून घ्यावे.

बंद दाराआडची ऊब

या लेखातील एकच परिच्छेद घरात मोठ्याने वाचून दाखवायचा असेल, तर हा वाचावा. आपल्याकडे थंडी स्वतःहून क्वचितच जीव घेते. तिच्यापासून वाचण्यासाठी केलेली ऊब घेते. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली बंद खोलीत ठेवून झोपले, किंवा खिडकी लावून घेतलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू ठेवून स्नान केले, तर अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साईड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. आधी डोके जड होते, मग गुंगी येते, आणि दार उघडून बाहेर येण्याचे भान उरत नाही. थंडीच्या दिवसांत खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबण्याची सवय असते. नेमकी तीच फट प्राण वाचवणारी असते.

उपाय सोपे आहेत. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. ते शक्य नसेल तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर आणि गॅस बंद करावा, आणि मगच आत जाऊन कडी लावावी. शेगडी झोपण्याच्या खोलीत ठेवूच नये. घरात पाहुणे आले असतील, नवी सून किंवा कामाला नवी बाई आली असेल, तर पहिल्याच दिवशी हे सांगावे. आणि आपल्या गोदामाच्या रखवालदाराच्या खोलीत डोकावून पाहावे. बंद दाराआड शेगडी बहुधा तेथेच असते.

तळ्याकाठची जुनी थंडी

महाडच्या थंडीची एक आठवण इतिहासात नोंदलेली आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरात, ऐन हिवाळ्यात, महाडला दुसरी परिषद भरली. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदरास आले आणि तेथून प्रतिनिधींसह पायी महाडला पोहोचले. परिषदेसाठी गावात कोणी जागा देईना; फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. बाजारपेठेनेही पाठ फिरवली होती, त्यामुळे हजारो माणसांचा शिधा आधीच बाहेरून आणून साठवावा लागला. २५ डिसेंबरच्या रात्री त्या मंडपासमोर मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या हक्काचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो तळे सर्वांसाठी खुले असल्याचे मानून निकालात काढला.

दुकानदारी करणाऱ्या घरांनी ही आठवण दोन अंगांनी वाचावी. त्या डिसेंबरच्या रात्री उघड्यावर मुक्काम केलेल्या माणसांना धान्य आणि पांघरूण विकायलाही बाजार तयार नव्हता. गल्ल्यावर बसणाऱ्याच्या हाती केवळ भाव नसतो. कोणासाठी दार उघडायचे हेही त्याच्या हाती असते.

आजच्या थंडीत ते दार कोणासाठी उघडावे, हे शोधण्यास दूर जावे लागत नाही. पावसाळा सरला की रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात. विटांच्या रचलेल्या थरांवर कुडाचे किंवा ताडपत्रीचे छप्पर, खाली मातीची जमीन, आणि कडेला नदीचे धुके. गवतावर पडणारे दव तेथे अंथरुणावर पडते. लहान मुले पहाटे भट्टीच्या भिंतीला पाठ लावून बसलेली दिसतात, कारण परिसरातील एकमेव ऊब तिच्यात असते.

ब्लँकेटवाटप आपल्या मंडळांना नवे नाही. त्यात दोन सुधारणा सुचवाव्याशा वाटतात. पहिली वेळेची. लाट येऊन गेल्यावर, एखाद्या तिथीचे औचित्य साधून केलेले वाटप पुढच्या वर्षी कामी येते. या वर्षीची रात्र तशीच जाते. उत्तरेत बर्फ पडल्याची बातमी वाचली की दोन-तीन दिवस हाताशी असतात. त्या दोन दिवसांत गठ्ठे भट्टीवर पोहोचले पाहिजेत. दुसरी प्रतीची. वाटपासाठी म्हणून वेगळा, हलका माल मागवण्याची पद्धत आहे. पहिल्या धुण्यात त्याचे तंतू सुटतात. सोलापुरी चादर किंवा जाड घोंगडी कमी नगांत दिली तरी ती तीन-चार हिवाळे पुरते, आणि घेणाऱ्याला आपण काय योग्यतेचे मानतो हेही त्यातून समजते. कापडाच्या व्यापाऱ्याला वस्त्राची प्रत ओळखायला शिकवावे लागत नाही. आपल्या पोराच्या अंगावर घालू शकू तेच द्यावे, इतका एक नियम पुरेसा आहे.

थंडीचा आठवडा सरतो तेव्हा पूर्वेकडून ढग येतात, रात्र उबदार होते, आणि वेण्णाकाठचे पर्यटक परततात. मोबाईलवरची चित्रे पुसली जातात. महाडच्या तळ्यावर सकाळी वाफ उठेनाशी होते. मोहोर कोठे टिकला आणि कोठे गळला, हे फेब्रुवारीत कळते. पण भट्टीवरच्या त्या मुलाने रात्र कशी काढली, हे त्याच आठवड्यात कळून घ्यावे लागते. पुढच्या वेळी शेजारचा दुकानदार मोबाईल पुढे करून ‘बर्फ पडला’ म्हणाला, की चित्र अवश्य पाहावे, दव सुंदर दिसते हे कबूल करावे, आणि गोदामात चादरींचे किती गठ्ठे शिल्लक आहेत ते मोजायला उठावे.